पेशीचा उंबरठा

मी सत्तावीस वर्षे अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवले. परीक्षेत पेशीची आकृती काढायला सांगितली, की मुले आधी एक गोलसर रेघ ओढतात आणि मग त्या रेघेच्या आत केंद्रक, तंतुकणिका, रिक्तिका, गॉल्गी पिंड अशी सगळी मंडळी मन लावून बसवतात. नावे देताना मात्र ती पहिली रेघ सर्वांत शेवटी आठवते. ‘पेशीपटल’ एवढा शब्द लिहिला, बाणाचे टोक रेघेला टेकवले, की अर्धा गुण पदरात पडतो. व्याख्याही पाठ असते : पेशीपटल हे निवडक्षम पारपटल आहे. हे वाक्य मी हजारो उत्तरपत्रिकांत वाचले आहे आणि त्यावर बरोबरची खूणही केली आहे.

निवडक्षम म्हणजे निवड करू शकणारे. कोणाला आत घ्यायचे, कोणाला बाहेर ठेवायचे हे ठरवणारे. पण या रेघेला ना डोळे, ना मेंदू. मग निवड करते कोण आणि कशाच्या जोरावर? या प्रश्नाचे धड उत्तर मिळायला शास्त्राला जवळजवळ दोन शतके लागली. आणि त्या उत्तराचा एक लहानसा तुकडा हाती आला, तेवढ्याच्या बळावर १९७१ साली बंगालमधल्या एका निर्वासित छावणीत मरणाच्या दारातली माणसे मीठ-साखरेच्या पाण्यावर वाचली. त्या रेघेची आणि त्या तुकड्याची ही हकिगत आहे.

कोशिंबिरीतले पाणी

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी वाढायच्या वेळी घालायचे, हे घरोघरी ठाऊक असते. आधी घातले तर पाणी सुटते. हे पाणी येते कुठून? सुरीखाली कापल्या गेलेल्या पेशींचे थोडे असते. पण बाकीचे न कापलेल्या, धडधाकट पेशींमधून बाहेर पडलेले असते. बाहेर मिठाचे दाट पाणी, आत त्या मानाने पातळ रस, आणि मध्ये असा पडदा, की ज्यातून पाणी जाऊ-येऊ शकते पण मीठ सहजी शिरू शकत नाही. अशा वेळी पाणी पातळाकडून दाटाकडे जाते. यालाच आपण परासरण म्हणतो. वाचकांनी हे काकडीचे उदाहरण लक्षात ठेवावे. लेखाच्या शेवटी ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

दुसरे उदाहरण बिटाचे. बिटाच्या फोडी गार पाण्यात चांगल्या धुऊन घ्या आणि मग स्वच्छ गार पाण्यात ठेवा. बराच वेळ गेला तरी पाणी जेमतेम गुलाबी होते. त्याच फोडी उकळत्या पाण्यात टाका. थोड्याच वेळात पाणी लालभडक. बिटाचा रंग पाण्यात विरघळणाराच आहे. मग गार पाण्यात तो बाहेर का आला नाही? तो पेशीतल्या रिक्तिकेत साठवलेला असतो. रिक्तिकेभोवती एक आणि पेशीभोवती दुसरे, अशी दोन पटले त्याला अडवून धरतात. उष्णतेने पटले मोडली, की अडवणारे कोणी उरत नाही. पेशी मरते म्हणजे नेमके काय होते, याचे इतके सोपे दर्शन दुसरीकडे क्वचितच मिळेल. आतल्या सगळ्या वस्तू जागच्या जागी आहेत, पण ‘आत’ आणि ‘बाहेर’ हा भेद संपला आहे.

हा भेद राखणारे पटल दिसत मात्र नव्हते. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापात जे कोनाडे पाहिले आणि ज्यांना ‘सेल’ म्हणजे कोठडी हे नाव दिले, त्या मेलेल्या पेशींच्या भिंती होत्या. वनस्पतींची ही पेशीभित्तिका जाड आणि सच्छिद्र असते. पाण्यात विरघळलेल्या लहान वस्तूंना ती अडवत नाही. अडवणारे पटल तिच्या आतल्या अंगाला असते आणि त्याची जाडी सात-आठ नॅनोमीटरच्या आसपास. साध्या कागदाच्या एका पानाच्या जाडीत अशी दहा हजारांहून अधिक पटले एकावर एक मावतील. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला ही जाडी पकडता येणेच शक्य नव्हते. म्हणून पटलाचा शोध आधी तर्काने लागला आणि डोळ्यांनी खूप नंतर.

तळ्यावरचे तेल

हा तर्क सुरू झाला तो पेशीपासून फार दूर, लंडनजवळच्या क्लॅपहॅम कॉमन या माळावरच्या एका तळ्यात. बेंजामिन फ्रँकलिनने वाऱ्याने लहरणाऱ्या त्या तळ्यावर जेमतेम चमचाभर तेल ओतले. तेल पसरत गेले आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले. १७७४ साली त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले, पण एक साधे गणित करायचे त्याने सोडून दिले. ते मी वर्गात फळ्यावर करून दाखवत असे. चमचाभर म्हणजे सुमारे ५ घनसेंटिमीटर तेल. अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. भागाकार केला की थराची जाडी येते अडीच नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे तेल जितके पसरू शकते तितके पसरले होते; त्याचा एकच रेणू जाडीचा थर पाण्यावर उभा राहिला होता.

या थराचा नीट अभ्यास पुढे जिने केला, तिला प्रयोगशाळाच नव्हती. ॲग्नेस पॉकेल्स ही जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावची मुलगी. त्या काळी तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. आईवडिलांची आजारपणे आणि घरचा सगळा व्याप तिच्या गळ्यात होता. विशीच्या आसपास तिने घरातच एक पत्र्याचे पसरट भांडे केले, त्यात काठोकाठ पाणी भरले, पाण्यावर सरकणारी एक पट्टी बसवली आणि पाण्याच्या पृष्ठभागावरचा तेलकट थर त्या पट्टीने दाबत-सोडत तिने पृष्ठताण मोजायला सुरुवात केली. सुमारे दहा वर्षे हे काम कोणाला माहीत नव्हते. १८९१ साली तिने इंग्लंडमधले नामवंत शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले. रॅले यांनी ते पत्र ‘नेचर’ नियतकालिकाकडे शिफारस करून पाठवले आणि तिथे ते छापले गेले. पुढे अमेरिकेत आयर्विंग लँगम्यूर यांनी त्याच धर्तीचे भांडे वापरून १९१७ साली दाखवून दिले, की अशा थरात रेणू शिस्तीने उभे असतात : पाण्याची आवड असलेले डोके पाण्यात, तेलकट शेपूट हवेत.

दरम्यान झुरिकमध्ये चार्ल्स अर्नेस्ट ओव्हर्टन वेगळ्याच वाटेने त्याच जागी येऊन पोहोचला होता. १८९० च्या दशकात त्याने शेकडो पदार्थ जिवंत पेशींवर वापरून पाहिले. त्याला एक नियम दिसला. जे पदार्थ तेलात विरघळतात ते पेशीत झटकन शिरतात. जे फक्त पाण्यात विरघळतात ते बाहेर ताटकळतात. यावरून पेशीचे वेष्टन मेदाचे असले पाहिजे, असे त्याने अनुमान काढले.

दोन्ही धागे जुळले हॉलंडमधल्या लायडन इथे. एव्हर्ट गोर्टर हे बालरोगतज्ज्ञ. त्यांनी आणि एफ. ग्रेंडेल यांनी १९२५ साली रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक वा तंतुकणिका नसतात, त्यामुळे तिच्यातला जवळजवळ सगळा मेद बाहेरच्या पटलाचाच असतो. तो मेद ॲसिटोनने काढून त्यांनी लँगम्यूरच्या भांड्यात पसरवला आणि क्षेत्रफळ मोजले. पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या ते दुप्पट भरले. म्हणजे मेदाचा थर एकेरी नसून दुहेरी! गंमत अशी, की या प्रयोगात दोन चुका होत्या. ॲसिटोनने सगळा मेद निघाला नव्हता, आणि पेशी वाळवून मोजल्यामुळे पृष्ठभाग कमी धरला गेला होता. दोन्ही चुका एकमेकींना छेदून गेल्या आणि उत्तर बरोबर आले. विज्ञानाच्या इतिहासात असे योग येतात.

दुपदरी आणि वाहते

दुहेरी थर का, हे एकदा रेणू समजला की आपोआप कळते. पटलातला मुख्य मेद म्हणजे फॉस्फोलिपिड. त्याच्या रेणूला एक डोके आणि दोन शेपट्या. डोके पाण्याशी सलगी करणारे, शेपट्या पाण्यापासून पळणाऱ्या. तळ्यावर शेपट्यांना हवेत तोंड काढता येते. पेशीला मात्र बाहेरही पाणी, आतही पाणी. मग रेणू दोन पदरांत उभे राहतात : एका पदराची डोकी बाहेरच्या पाण्याकडे, दुसऱ्याची आतल्या पाण्याकडे, आणि सगळ्या शेपट्या मधोमध, पाण्यापासून सुरक्षित. ही रचना कोणी बांधावी लागत नाही. फॉस्फोलिपिड पाण्यात घातले, की असे दुपदरी फुगे आपणहून तयार होतात. फाटले तर पुन्हा मिटतात, कारण फाटलेली कड म्हणजे उघड्या शेपट्या आणि त्यांना पाणी सहन होत नाही.

असा थर घट्ट असतो की पातळ? थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली पाहावी. पुण्या-नाशिकच्या थंडीत खोबरेल गोठते, शेजारचे शेंगदाण्याचे तेल पातळच राहते. खोबरेलातल्या मेदाम्लांच्या साखळ्या बहुतेक सरळ असतात, त्या काड्यांच्या मोळीसारख्या एकमेकींना बिलगतात. शेंगदाणा तेलातल्या बऱ्याच साखळ्यांना मध्येच बाक असतो, त्यामुळे त्यांची मोळी घट्ट बसत नाही. पेशीपटलातल्या शेपट्यांचेही तेच. थंड पाण्यातले मासे आणि जिवाणू आपल्या पटलात बाकदार शेपट्यांचे प्रमाण वाढवतात, म्हणजे गारठ्यात पटल गोठत नाही. आपल्या पेशींत कोलेस्टेरॉल हे काम सांभाळते. एरवी बदनाम झालेला हा रेणू पटलाला उबेत फार सैल होऊ देत नाही आणि थंडीत फार ताठरही होऊ देत नाही.

पटल खरोखरच वाहते, याचा सुंदर पुरावा अमेरिकेत फ्राय आणि एडिडिन यांनी १९७० साली दिला. त्यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी एकमेकींत विलीन केली. उंदराच्या पटलातील प्रथिनांवर एका रंगाची खूण, माणसाच्या प्रथिनांवर दुसऱ्या रंगाची. सुरुवातीला जोडपेशीचा एक अर्धा एका रंगाचा आणि दुसरा अर्धा दुसऱ्या रंगाचा दिसला. शरीराच्या तापमानाला ठेवल्यावर सुमारे ४० मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळून गेले. थंडीत ठेवले तर मिसळणे मंदावले. म्हणजे प्रथिने पटलात खिळ्यांसारखी ठोकलेली नसून तरंगत फिरतात. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी हे सगळे एकत्र करून ‘प्रवाही कुट्टिम’ ही कल्पना मांडली. कुट्टिम म्हणजे रंगीत तुकड्यांची जडणघडण. मेदाचा दुपदरी वाहता थर आणि त्यात जडवलेली, तरीही सरकणारी प्रथिने. किरकोळ दुरुस्त्या होत आल्या, पण ढाचा आजही तोच आहे.

निवड कोण करते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मेदाच्या थरातून प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड सहज जातात, कारण त्यांच्यावर विद्युतभार नसतो आणि ते लहान असतात. मिठाच्या पाण्यातले सोडिअम, क्लोराइड हे आयन मात्र जाऊ शकत नाहीत. भार असलेल्या आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचा गराडा असतो. तो सोडून तेलकट शेपट्यांच्या गर्दीत शिरणे त्याला परवडत नाही. ग्लुकोजचेही तसेच. म्हणजे मेदाचा थर स्वतः फारशी निवड करत नाही, तो सरसकट अडवतो. निवड करतात त्यात बसलेली प्रथिने. ती दारे आहेत, आणि प्रत्येक दाराचे माप वेगळे आहे.

पाण्याचेच दार घ्या. पाणी मेदातून हळूहळू झिरपते, पण मूत्रपिंडात ज्या वेगाने पाणी परत शोषले जाते त्याचा हिशेब झिरपण्याने लागत नव्हता. बाल्टिमोरमधले पीटर अॅग्री तांबड्या पेशींतले वेगळेच प्रथिन शोधत होते. त्यात १९८८ साली त्यांच्या हाती एक अनोळखी प्रथिन लागले. १९९२ साली त्यांनी ते बेडकाच्या अंड्यांत तयार करवले. बेडकाचे अंडे एरवी साध्या पाण्यात निवांत पडून राहते. हे प्रथिन असलेली अंडी मात्र पाण्यात टाकताच फुगली आणि फुटली. पाण्याचे दार सापडले होते. अशा एका दारातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू एका रांगेत जातात, आणि तरी दुसरे काहीही त्यात घुसत नाही.

पोटॅशिअमचे दार त्याहून नवलाचे. सोडिअमचा आयन पोटॅशिअमपेक्षा लहान असतो. मग पोटॅशिअमच्या दारातून सोडिअम का जात नाही? रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली या दाराची रचना उलगडली. दाराच्या चिंचोळ्या भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर मांडलेले असतात, की पाण्याचा गराडा सोडून आलेल्या पोटॅशिअमला ते नेमके कवेत घेतात. सोडिअम लहान असल्यामुळे त्या अणूंपर्यंत त्याचे हात पोहोचत नाहीत. पाण्याची साथ सोडून त्याला काहीच मिळत नाही, म्हणून तो बाहेरच थांबतो. इथे ‘निवडक्षम’ या शब्दाचा अर्थ लागतो. कोणी विचार करून निवडत नाही. माप आणि विद्युतभार यांची जुळणी झाली तर वाट मिळते, नाही तर नाही. अॅग्री आणि मॅकिनन यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

पण दारे उघडी असली, की गर्दी असेल तिकडून कमी असेल तिकडे वस्तू जाणार आणि शेवटी सगळे सारखे होणार. जिवंत पेशीत असे होत नाही. पेशीबाहेर सोडिअम आतल्यापेक्षा दहा-पंधरा पट जास्त असते आणि पोटॅशिअम आत सुमारे तीसपट जास्त. हा फरक कोणीतरी सतत राखावा लागतो. ते काम करणारा पंप डेन्मार्कचे येन्स स्कू यांना १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंत सापडला. ऊर्जेचा एक रेणू खर्च करून तो तीन सोडिअम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशिअम आत घेतो; अहोरात्र. आपण स्वस्थ पडून असतानाही शरीर जी ऊर्जा वापरते, तिचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही थोडा अधिक एवढ्या एका कामाला लागतो. घरात बादलीने पाणी उपसत राहावे तसे आहे हे. उपसणे थांबले की घर बुडाले.

या उपशातून आणि पोटॅशिअमच्या दारांतून मिळून पटलाच्या दोन बाजूंना विद्युतदाब तयार होतो. मज्जापेशीत तो सुमारे ७० मिलिव्होल्ट असतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पटलाची जाडी लक्षात घ्या. मीटरच्या हिशेबात मांडले तर तो सुमारे एक कोटी व्होल्ट दर मीटर होतो. हवेतून ठिणगी पडायला साधारण ३० लाख व्होल्ट दर मीटर पुरतात. आपल्या प्रत्येक विचाराच्या मागे हा साठलेला ताण असतो.

थोडक्यात, पंपाने साठवलेला सोडिअम बाहेर दाटीवाटीने उभा आहे आणि आत यायला आतुर आहे. ही आतुरता पेशी फुकट जाऊ देत नाही. तिच्या जोरावर ती दुसरी कामे करून घेते. इथून आपण बंगालमध्ये जाऊ.

पटकीचा डाव

पटकी म्हणजे कॉलरा. भाताच्या पेजेसारखे पांढुरके जुलाब, बसलेले डोळे, सुरकुतलेली बोटे, आणि काही तासांत मृत्यू. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात तिचा जिवाणू निश्चित केला, पण तो आतड्यात नेमके काय करतो हे पुढची ७५ वर्षे धडपणे कळले नव्हते. १९५९ साली कोलकात्याच्याच शंभुनाथ डे यांनी जिवाणू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडला आणि तेवढ्यानेही आतड्यात पाणी साठते हे दाखवले. म्हणजे जिवाणू नव्हे, त्याने सोडलेले विष हे काम करते.

हे विष आतड्याच्या पेशीपटलावरच्या साखर जडवलेल्या एका मेदाला चिकटते आणि पेशीत शिरते. तिथे ते एक कळ दाबून धरते, जी मग उठतच नाही. परिणामी पेशीच्या आतड्याकडील अंगावरची क्लोराइडची दारे उघडी राहतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहते, त्यामागे सोडिअम ओढले जाते, आणि त्यामागे पाणी. काकडीला मिठाने पाणी सुटते तसे आतड्याला पाणी सुटते. गंभीर रुग्णात हे पाणी तासाला लिटरपर्यंत जाते. पेशी मात्र मरत नाही, फाटत नाही. तिचे एक दार अडकलेले आहे, एवढेच. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एरवीही काही दिवसांत झडून नव्या येतात. म्हणजे रुग्णाला तेवढे दिवस पाणी पुरवत राहिले तर रोग आपणहून सरतो. प्रश्न एकच : पाणी द्यायचे कसे? नुसते पाणी पाजले तर ते शोषले जाण्याआधी वाहून जाते. म्हणून शिरेतून सलाईन हाच उपाय मानला जाई.

पण एक दार विषाने बिघडत नाही. ऑगस्ट १९६० मध्ये प्राग इथल्या एका परिषदेत अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी मांडले, की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटे शिरत नाही, सोडिअमच्या जोडीने शिरते. हे दार जोडीनेच उघडते. आज आपल्याला माहीत आहे, की ते दोन सोडिअममागे एक ग्लुकोज आत घेते. आत यायला आतुर असलेल्या सोडिअमच्या रेट्यावर ग्लुकोज ओढले जाते. आत आलेले सोडिअम स्कू यांचा पंप पेशीच्या दुसऱ्या अंगाने रक्ताच्या बाजूला टाकतो. आणि त्यांच्यामागे पाणी येते. क्रेन यांच्या डोळ्यांपुढे पटकी नव्हती. त्यांना साखर कशी शोषली जाते एवढेच समजून घ्यायचे होते.

कोलकात्यातले हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ सालीच मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पाजून पटकीचे रुग्ण बरे केल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले होते. पण ते का चालते हे सांगणारे शास्त्र तेव्हा नव्हते आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. क्रेन यांच्या मांडणीनंतर मात्र चित्र बदलले. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नेलिन, रिचर्ड कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमाप करून दाखवले, की तोंडाने दिलेल्या ग्लुकोज-मिठाच्या द्रावणाने सलाईनची गरज मोठ्या प्रमाणात कमी होते. तरी हे रुग्णालयातले, देखरेखीखालचे प्रयोग होते.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेलगतच्या बनगावला पटकीचा उद्रेक झाला. बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस कोलकात्याहून तिथे पोहोचले तेव्हा रुग्णालयाच्या खोल्यांत माणसे जमिनीवर, घाणीत पडलेली होती. सलाईन संपत आले होते आणि ते देणारे हातही पुरेसे नव्हते. त्यांनी निर्णय घेतला. कोलकात्यात त्यांच्या संस्थेत पाकिटे भरली गेली : लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. बनगावला पिंपांत द्रावण तयार करून ठेवले आणि रुग्णांच्या आया, भाऊ, नवरे यांनाच ते पेल्यापेल्याने पाजायला सांगितले. सलाईन फक्त अगदी शुद्ध हरपलेल्यांसाठी. छावण्यांत मृत्यूचे प्रमाण आधी सुमारे ३० टक्के होते. त्यांच्या देखरेखीखाली उपचार घेतलेल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांत ते चार टक्क्यांच्या खाली आले. हा वृत्तान्त प्रसिद्ध व्हायला १९७३ उजाडले. ‘लॅन्सेट’ने १९७८ साली या उपचारामागच्या शोधाला शतकातल्या वैद्यकीय प्रगतीत अग्रस्थान देण्याजोगे मानले. महालनबीस २०२२ साली गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

प्रमाणाची गोष्ट

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण आहे. मीठ-साखरेचे पाणी हा ‘घरगुती उपाय’ म्हणून आपल्याकडे इतका रुळला आहे, की त्यातली साखर चवीसाठी किंवा ताकदीसाठी असते असे बहुतेकांना वाटते. सुशिक्षित घरांतही जुलाब झालेल्या मुलाला डबाबंद फळांचा रस, ग्लुकोजची पूड किंवा सोड्याची बाटली दिली जाते. ‘गोडच आहे ना, चालेल’ असा हिशेब असतो. पटलाला हा हिशेब मान्य नाही. दार सोडिअम आणि ग्लुकोज यांच्या जोडीचे आहे. साखर जास्त आणि मीठ नावाला असेल, तर जादा साखर आतड्याच्या पोकळीतच पडून राहते, तिथला रस दाट होतो आणि पाणी शरीरातून आतड्याकडे ओढले जाते. काकडीचे मीठ इथे साखरेच्या रूपाने येते. जुलाब थांबायच्या ऐवजी वाढतात.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली ओआरएसचे सूत्र बदलून आणखी पातळ केले. आताच्या पाकिटात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम. रेणूंच्या संख्येत मोजले तर सोडिअम आणि ग्लुकोज समसमान भरतात, आणि एकूण द्रावण रक्तापेक्षा थोडे पातळ असते, म्हणजे पाण्याचा ओढा शरीराकडेच राहतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. अंदाजाने नाही, मोजून.

कोकणात आणि गोव्यात आजारी माणसाला मीठ घालून भाताची पेज देतात. माझ्या आजोळी तापापासून अजीर्णापर्यंत सगळ्यावर तीच चाले. पुढे तांदळाच्या पिठाचे ओआरएस करून पाहिले गेले आणि पटकीच्या रुग्णांत त्याने जुलाबाचे प्रमाण घटते असे आढळले. कारण सरळ आहे. पिष्टाचा रेणू अवाढव्य. त्यामुळे पेज दाट दिसली तरी रेणूंच्या संख्येने पातळच असते, काकडीसारखा ओढा ती लावत नाही. आणि आतड्याच्या भिंतीशी आल्यावर त्या रेणूतून ग्लुकोज सुटे होऊन मिठासोबत त्याच दारातून आत जाते. पेज करणाऱ्या बायांना सोडिअमचे दार माहीत नव्हते, हे खरे. पण त्यामुळे जुने सगळे शहाणपण बरोबरच होते असे समजू नये. जुलाब झाले की खाणे-पिणे बंद करा, हाही सल्ला तितकाच जुना आहे आणि त्याने मुले दगावली आहेत. कोणता सल्ला ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हे पटलाचे काम समजल्यावरच नीट ठरवता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आजही जगात वर्षाला पाच वर्षांखालची ४ लाखांहून अधिक मुले अतिसाराने मरतात. त्यांतल्या बहुतेकांच्या आतड्यातले ते जोडीचे दार शेवटपर्यंत काम करत असते. कमी पडते ते योग्य प्रमाणातले, स्वच्छ पाण्यातले द्रावण, आणि ते घोटाघोटाने पाजत बसणारे माणूस. घरात लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल, तर ओआरएसची दोन पाकिटे डब्यात असू द्यावीत, पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवावीत, आणि वांती झाली तरी दहा मिनिटांनी पुन्हा चमच्याने सुरू करावे. मूल सुस्त झाले, पीत नसेल, किंवा जुलाबात रक्त दिसले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा; आणि वाटेतही पाजणे थांबवू नये.